बाबांचा ट्रक, बादलीभर नटबोल्ट आणि दिवाळीचं सरप्राईज

नागपूरच्या बेशाहून एका वाचकाचं पत्र आलंय, नाव छापू नका म्हणाले म्हणून छापत नाही. चार पानं होती, कापून देतोय:

"काका, बाबांचा १९६८ चा टाटा मर्सिडीज आहे, लांब बॉनेटवाला. २००४ मध्ये धंदा बंद झाला तेव्हापासून कळमेश्वरजवळ आमच्या शेतात बाभळीखाली उभा होता. मार्चमध्ये क्रेन लावून ट्रेलरवर टाकला अन् बेशाला घराशेजारच्या आमच्या रिकाम्या प्लॉटवर आणला. दिवाळीत बाबांना पंचाहत्तर पूर्ण होतात, तेव्हा चकाचक करून समोर उभा करायचा असा प्लॅन आहे, म्हणून त्यांना सांगितलं की भंगारवाल्याला दिला. आतापर्यंत दारं, बॉनेट, डॅशबोर्ड अन् दोन इंजेक्टर (सिलिंडरमध्ये डिझेल फवारतात ते) काढून ठेवलेत, नटबोल्ट बादलीत आहेत. स्प्रे गन आणि पीयू पेंट घेऊन ठेवलाय, चेरी रेड. इंजिन जाम आहे, मित्र म्हणतो चौथ्या गिअरमध्ये टाकून जेसीबीने टोचन करू, सुटेल. आधी इंजिन करू की बॉडी? व्हिंटेजचा नंबर मिळतो का? मिसेस म्हणते एवढ्या पैशात किचन झालं असतं. सात वर्षांचा मुलगा आहे, तो दिवसभर ट्रकखालीच खेळतो. बाकी तिकडे कळमेश्वरला ट्रक दिल्याचं ऐकून बाबा 'बरं केलं' एवढंच म्हणाले, दादा सांगत होता की त्या रात्री जेवले नाहीत."

भाऊ, आधी त्या जेसीबीवाल्या मित्राला फोन करून नाही म्हणा, मग पुढचं वाचा.

वीस वर्षं उभं राहिलेलं इंजिन ओढून सुटत नाही, तुटतं. आत पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला गंजाने धरून बसल्या आहेत, आणि तुम्ही पुढे एवढं मोठं मशीन लावून चाकांकडून, गिअरबॉक्समधून, क्रँकला, म्हणजे इंजिनच्या मुख्य दांड्याला, जोर देणार, मग त्या साखळीत जे कमजोर असेल ते जाईल, कनेक्टिंग रॉड वाकेल नाहीतर पिस्टन फुटेल नाहीतर क्लच प्लेटच्या चिंध्या होतील. अन् समजा नशीब जोरावर आहे, इंजिन सुटलं आणि धडधडायलाही लागलं, तर ब्रेक कुठे आहेत तुमच्या ट्रकला? पुढे जेसीबी, मागे तीन-चार टनाचं बिनब्रेकचं लोखंड, आणि बाजूला मोबाईल काढून उभी कॉलनीतली पोरं. नको बाप्पा.

दुसरं, ज्या दोन इंजेक्टरची भोकं उघडी आहेत ती आजच बंद करा. एप्रिल संपत आलाय, दुपारचा फुफाटा सुरू झालाय, ती धूळ सरळ सिलिंडरमध्ये जातेय. स्वच्छ सुती कापडाचे बोळे लावा, बोळा एवढा मोठा पाहिजे की आत पडणार नाही, वरून टेप. इंजेक्टर स्वतः डिझेलमध्ये बुडवून बरणीत ठेवा, झाकण लावून, आणि कोणत्या सिलिंडरचा कोणता ते चिठ्ठीवर लिहा.

तिसरं तुमचा मुलगा. ट्रक कशावर उभा आहे ते तुम्ही लिहिलं नाही, पण बेशाकडचे प्लॉट म्हणजे बहुतेक काळी माती, हे काय मी नागपूरच्या माणसाला सांगायचं. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा अन् जूनमध्ये पहिला जोराचा पाऊस झाला की तीच माती फुगून लोणी होते. त्यावर जॅक लावला की ट्रक वर जायच्या ऐवजी जॅक खाली जातो, आणि तोही तिरपा. मी हे डोळ्यांनी पाहिलंय, जॅक बाजूला निसटला, ट्रक धप्पकन बसला, आमचा मिस्त्री अर्ध्या मिनिटापूर्वीच विडी प्यायला बाहेर आला होता म्हणून आज आहे. तर पावसाआधी, म्हणजे आत्ता, चाकांखाली नीट काँक्रीट टाकून घ्या, पेंटच्या आधी हा खर्च आहे तुमचा. वर पत्र्याची साधी शेड. आणि जॅक हा फक्त उचलायला असतो, उचलल्यावर चेसीखाली लोखंडी घोडी लागली पाहिजे, चाकांना दोन्हीकडून लाकडी गुटके, मग माणूस खाली जाईल. विटा रचून त्यावर ट्रक ठेवायचा नाही, वीट सांगून फुटत नाही. पोराला मात्र कधीच खाली जाऊ द्यायचं नाही, त्याला केबिनमध्ये स्टेअरिंगवर बसवा, तेवढ्यात तो खूश असतो.

आता तुमचा प्रश्न, इंजिन आधी की बॉडी. माझं उत्तर असं की अजून काहीच उघडू नका.

माझ्याकडे फार्गो होती, प्रीमियर ऑटोमोबाईल्सने कुर्ल्यात बनवलेली, पर्किन्सचं पी-सिक्स डिझेल लागलेली. मी नवा नवा उत्साही, एका हिवाळ्यात सगळी उघडली. सगळी म्हणजे सगळी, चेसी नागडी करून टाकली, बघणारे वाहवा करून राहिले, मला वाटलं अर्धं काम झालं. त्यानंतर ती त्रेचाळीस खोक्यांमध्ये अकरा वर्षं पडून होती. खोक्यांवर लिहिलं होतं मी, पण 'डावीकडचे' एवढंच, डावीकडचे काय ते नाही लिहिलं. उंदरांनी वायरिंग खाल्लं, बायकोने दोन खोकी दिवाळीच्या सफाईत भंगारवाल्याला दिली, त्यात स्टेअरिंग बॉक्सचे शिम होते, पातळ पत्र्याच्या चकत्या, तिला वाटलं कचरा. तिची काय चूक, मलाही दिसायला कचराच वाटला असता. घरी ट्रक करायला घेतलेले जेवढे लोक मला माहीत आहेत त्यातले बहुतेक इथेच अडकले, गंजामुळे कोणी अडकलं नाही. उघडायला एक रविवार लागतो, जोडायला किती लागतील ते कोणी मोजत नाही.

म्हणून ती बादली घ्या अन् बसा. मिसेसकडून झिपवाल्या पिशव्या मागून घ्या, प्रत्येक पिशवीत एका जागेचे बोल्ट, आत कागदावर पेन्सिलने लिहायचं (पेनची शाई तेलात उतरते) की हे ड्रायव्हरच्या दाराच्या वरच्या बिजागरीचे, तीन नट, दोन वायसर. जे आठवणार नाहीत ते दाराच्या भोकात घालून पाहा, दोन-चार तास जातील, पण आत्ता महिना झालाय म्हणून तरी जमेल, दिवाळीपर्यंत थांबलात तर नाही जमणार. दारं परत लावून टाका. खरंच लावा. ट्रक ट्रकसारखा दिसला पाहिजे, नाहीतर दोन महिन्यांत तुम्हीच त्याच्याकडे बघणं बंद कराल.

कागदाचं बोलू. पुस्तकवाली आरसी कोणाच्या नावावर आहे? बाबांच्या असणार. त्यावर कर्ज घेतल्याचा शिक्का आहे का ते बघा, २००४ ला धंदा बंद झाला म्हणता, तेव्हा फायनान्सचं खातं मिटलं होतं का, मिटलं असेल तर फायनान्सवाल्याची एनओसी अन् फॉर्म ३५ आरटीओत गेला होता का. नसेल तर तो बोजा आजही आरसीवर आहे. ट्रक उभा असल्याचं, म्हणजे नॉन-यूजचं, लिहून दिलं नसेल तर थकलेल्या टॅक्सचाही विषय निघेल. गाडी तुमच्या नावावर घ्यायची तर फॉर्म २९ आणि ३०, त्यावर बाबांच्या सह्या. आणि एवढा जुना तीन अक्षरी नंबर ऑनलाइन सापडेलच असं नाही, मग मूळ पुस्तक घेऊन आरटीओत खेटे.

व्हिंटेजचा नंबर मिळतो, पण तुमचं गाडं इथे थोडं फसतं. जुलै २०२१ मध्ये केंद्राने मोटार वाहन नियमांत बदल केला, पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली गाडी व्हिंटेज, नंबरमध्ये राज्याच्या अक्षरांनंतर व्हीए येतं, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, दहा वर्षं चालते, नंतर परत करायला ५,०००. चेसी, बॉडी, इंजिन यात मोठा फेरफार झालेला नको. रोजच्या वापराला किंवा धंद्याला ती गाडी रस्त्यावर आणता येत नाही, रॅली, प्रदर्शन, डिझेल भरायला, दुरुस्तीला, एवढंच. वयात तर तुमचा ट्रक आरामात बसतो. पण नियमात शब्द आहेत दुचाकी आणि चारचाकी, खाजगी वापराच्या, बिगर-व्यावसायिक. तुमचा ट्रक मालवाहू म्हणून नोंदलेला असणार. तेव्हा पैसे ओतायच्या आधी पुस्तक घेऊन तुमच्या आरटीओत जा आणि सरळ विचारा, मालवाहू नोंदणीचं काय करावं लागेल, आणि जे सांगतील ते लेखी घ्या. एजंटाच्या तोंडी 'हो जाएगा भाऊ' वर एक रुपया लावू नका.

आणि लायसन्स. तुमचं कारचं असेल. नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की एलएमव्हीवाला, म्हणजे हलक्या गाडीचं लायसन्स असलेला, ७,५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडी चालवू शकतो, ते ऐकून बरेच लोक खूश झाले, पण तुमचा ट्रक भरल्या वजनाने त्याच्या पुष्कळ वर जातो. म्हणजे हेवीचं लायसन्स काढा, किंवा प्लॉटच्या आतच पुढे-मागे करा, त्यातही मजा आहे.

आता बघा, आरसी बाबांची, सह्या बाबांच्या, फायनान्सचं काय झालं ते माहीत फक्त बाबांना. त्याहून मोठं म्हणजे इंजिनचं. वीस वर्षांपूर्वी तो ट्रक त्या बाभळीखाली चालत येऊन उभा राहिला होता की ओढून आणला होता? या एका प्रश्नावर तुमचा निम्मा खर्च ठरतो. चालत आला असेल तर इंजिन बहुतेक उभं राहूनच जाम झालंय, सुटेल. पाणी खात होता, तेलात पाणी येत होतं, शेवटच्या फेरीत गरम होऊन बसला होता, असं असेल तर हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, उघडावंच लागेल, ब्लॉकला चीर आहे का बघावं लागेल. हे जगात एकच माणूस सांगू शकतो आणि त्याला तुम्ही सांगितलंय की ट्रक कापला गेला.

भाऊ, सरप्राईज वगैरे ठीक आहे, पंचविशीच्या मुलीला स्कूटी देताना ठीक आहे. पंचाहत्तरीच्या माणसाने आयुष्यभर ज्याचं स्टेअरिंग धरलं ती गाडी गॅस कटरने कापली असं समजून सहा महिने काढायचे, कशासाठी, तर दिवाळीला एक व्हिडिओ चांगला यावा म्हणून? 'बरं केलं' म्हणाले अन् जेवले नाहीत. तुम्ही हे पत्रात लिहिलं म्हणजे तुम्हालाही ते टोचून राहिलंय. या रविवारी सकाळी कळमेश्वरला जा, फोनवर नको, समोर बसून सांगा की खोटं बोललो, ट्रक बेशाला आहे. दोन शिव्या पडतील त्या खाऊन घ्या. मग गाडीत बसवून आणा.

आता असंही होऊ शकतं की बाबा म्हणतील, मला तो ट्रक पुन्हा पाहायचाच नाही. धंदा बुडाला त्याची खूण असते ती, दारात वसुलीवाले आले असतील, दागिने मोडले असतील, पोरांना सगळं कुठे सांगतात लोक. वीस वर्षं विकलाही नाही अन् हातही लावला नाही, याचा अर्थ मी इथे बसून लावणार नाही. नको म्हणाले तर जबरदस्ती करू नका, पण मग तुम्ही तुमच्या शौकासाठी करा, बाबांसाठी करतोय हे लेबल काढून टाका. शौक म्हणून ट्रक करणं काही पाप नाही, मी तेच केलं.

हो म्हणाले तर मात्र मजा आहे. सावलीत खुर्ची टाका, हातात चहा द्या, आणि वही घेऊन बसा. कोणता गिअर निसटायचा, स्प्रिंगचा कोणता पाटा कुठे तुटला होता, डिझेलचा पंप शेवटचा कोणाकडे बांधला, म्हणजे उघडून दुरुस्त केला. बारा-दस (१२१०) की त्याआधीचं मॉडेल हेही ते आवाजावरून सांगतील. तसा १९६८ म्हणजे टेल्को (टाटांची ट्रक कंपनी) आणि डाईम्लर-बेंझ यांच्या कराराच्या अगदी शेवटचा माल, करार १९५४ मध्ये झाला अन् १९६९ मध्ये संपला, त्यानंतर समोरचा तीन टोकांचा तारा गेला. तुमच्या जाळीवर तारा शाबूत असेल तर आजच काढून घरात कपाटात ठेवा. ट्रक कोणी चोरून नेत नाही, तारा नेतात.

इंजिन सोडवायचं कसं ते सांगतो, हे काम घाईचं नाही आणि महागही नाही. उरलेले चार इंजेक्टर काढा. खालचं जुनं तेल पूर्ण काढा, बाटलीत थोडं धरून ठेवा, दुधाळ चहासारखं दिसलं तर पाणी गेलंय, मिस्त्रीला दाखवा. मग अर्धं डिझेल आणि अर्धं एटीएफ, ते पॉवर स्टेअरिंगचं लाल पातळ तेल, असं मिसळून प्रत्येक सिलिंडरमध्ये अर्धा-अर्धा कप सोडा. सोडा आणि विसरा. तीन दिवसांनी पुन्हा थोडं. मग पुढच्या पुलीच्या मोठ्या नटाला सॉकेट लावून त्यात चार फुटी पाईप घालायचा, आणि लटकायचं नाही, एक हात ठेवून दाबायचं, सोडायचं, उलट दिशेला किंचित दाबायचं, सोडायचं. माझ्या फार्गोला मी पाचव्या दिवशी वैतागून दोन्ही पाय पाईपवर दिले होते तेव्हा आमचा म्हातारा मिस्त्री म्हणाला, "काहून जोर लावून राहिला बे, त्याले भिजू दे नं." नवव्या दिवशी संध्याकाळी पाईप हलला. एक सूत. पुलीवर मी खडूची रेघ मारली होती म्हणून दिसलं, नाहीतर कळलंही नसतं. एवढं हललं की झालं, मग रोज थोडं थोडं करत पूर्ण फेरा येतो. दोन आठवडे करूनही रेघ जागची हलली नाही तर हेड उघडायला मिस्त्री बोलवा, तेव्हा उघडणं चूक नाही.

पूर्ण दोन-चार फेरे हाताने फिरल्याशिवाय सेल्फ मारायचा नाही. आणि पहिल्यांदा सेल्फ मारताना इंजेक्टर बाहेरच ठेवा, आत साचलेलं तेल कारंज्यासारखं उडेल, ते बंद सिलिंडरमध्ये अडकलं तर पुन्हा रॉड वाकायची भीती. तोंड बाजूला ठेवा अन् चांगला शर्ट घालू नका.

तोपर्यंत डिझेलची बाजू. टाकीतलं वीस वर्षांचं डिझेल आता डिझेल नाही, तळाला पाणी, वर डिंक. टाकी खाली उतरवून धुऊन घ्या, भोक असेल तर वेल्डिंग घरी करू नका, रिकामी टाकी भरलेल्यापेक्षा वाईट, आतला वाफारा पेटतो. पंप आणि इंजेक्टर सरळ पंप कॅलिब्रेशनवाल्याकडे, वाडीकडे नाहीतर कामठी रोडला विचारा, जुना मायको पंप म्हटल्यावर ज्याचे डोळे चमकतील त्याच्याकडे द्या, ज्याने लगेच 'नवीन टाकून देतो' म्हटलं त्याच्याकडे नको.

पंपाचा एक किस्सा सांगतोच, कारण यात जीव जाऊ शकतो. फार्गोचा पंप मी कंजूषपणा करून न बांधताच लावला. त्या जुन्या पंपात हवेच्या ओढीवर चालणारा गव्हर्नर, म्हणजे इंजिनचा वेग आवरणारा भाग, असतो, आत एक पडदा असतो, तो कोरडा पडून फाटला होता ते मला माहीत नाही. इंजिन सुरू झालं, आम्ही टाळ्या वाजवल्या, आणि आवाज चढायला लागला. चढतच गेला. किल्ली बंद केली, डिझेल इंजिनला किल्लीने काय फरक पडतो, स्टॉपची तार ओढली ती हातात आली. अंगणात पांढरा-काळा धूर, सगळे मागे पळाले, आणि आमची बायको स्वयंपाकघरातून आली ती हातात पोळपाट घेऊनच, पोळ्या लाटत होती. एअर फिल्टर काढलेलाच होता, मिस्त्रीने तिच्या हातातला पोळपाट घेतला आणि हवेच्या पाईपच्या तोंडावर दाबला. तो असा ओढला गेला की मिस्त्रीला दाबायची गरजच राहिली नाही. तीन-चार सेकंदांत इंजिन घरघरून गप्प. पोळपाटावर आजही गोल वळ आहे. तर पंप बांधून आल्यावर सुद्धा, पहिल्या स्टार्टला एका माणसाचं काम फक्त फळी घेऊन हवेच्या तोंडाशी उभं राहणं, दुसरं काहीच नाही. हात लावायचा नाही, कापड लावायचं नाही, ते आत ओढलं जातं. पोळपाट वेगळा विकत आणा, घरातला नको, तुमच्याकडे आधीच वातावरण तापलंय.

पण स्टार्टच्या आधी ब्रेक. प्लॉटला उतार असतो, उतार बहुतेक घराच्या भिंतीकडेच असतो. चारी ड्रम उघडून व्हील सिलिंडर, रबरं, होज नवे, लायनिंग नवं. ड्रममधली काळी धूळ कॉम्प्रेसरने उडवू नका, जुन्या लायनिंगमध्ये ॲसबेस्टॉस असतं, ओल्या फडक्याने पुसा अन् फडकं पिशवीत बांधून फेका.

चाकांना तर हातच लावू नका. त्या काळच्या डिस्कला कडेने लोखंडी रिंग असते, हवा भरताना ती नीट बसली नसेल तर सुटते आणि समोर जो असेल त्याला घेऊन जाते. आधी व्हॉल्व्ह काढून सगळी हवा सोडायची, मगच चाकाचे नट ढिले करायचे, आणि रिंग बसवून हवा भरणं हे ट्रकच्या टायरवाल्याचं काम, जो चाक पिंजऱ्यात ठेवून भरतो त्याच्याकडेच. नवे टायर सगळ्यात शेवटी घ्या, सहा आणि एक स्टेपनी, आत्ता घेतले तर उभ्या उभ्या तडकतील.

केबिनबद्दल एक गैरसमज काढतो. लोक विचारतात ओरिजिनल केबिन कुठे मिळेल. अहो आपल्याकडे बहुतेक ट्रक जमशेदपूरहून निघायचे ते चेसी, इंजिन आणि पुढचा काऊल (काचेखालचा पुढचा पत्रा) एवढेच, ड्रायव्हर उघड्यावर फडकं बांधून चालवत आणायचा, केबिन आणि माल भरायचा हौदा इथला बॉडीवाला बांधायचा, आत सागवानी चौकट, वर पत्रा. म्हणजे तुमची ओरिजिनल केबिन कोण्या इथल्याच सुताराच्या हातची असणार. ती मोडून फायबरची करू नका. दाराच्या आतल्या लाकडात पेचकस टोचून पाहा, जिथे आरपार जातो तेवढाच तुकडा कापून नवा सांधायचा, लकडगंजात सागाचे तुकडे मिळतात. हौद्याचे फाळके सडले असतील ते बदला, पण कड्या, साखळ्या, बिजागऱ्या जुन्याच ठेवा. चेसीला सँड ब्लास्टिंग चालेल, केबिनच्या पातळ पत्र्याला मारलं तर पापडासारखा वाकडा होतो.

मिसेसचं. किचनचा मुद्दा मला सोडवता येणार नाही, तो बरोबर आहे. एवढंच करा, महिन्याचा एक आकडा दोघांनी मिळून ठरवा, त्या महिन्यात तेवढंच, आणि रविवारी दुपारच्या जेवणाला हात धुऊन टेबलावर, डिझेलच्या वासासकट का होईना. आणि त्यांना खर्चाची वही दाखवत जा, लपवलेलं बिल सापडणं हे ट्रकपेक्षा महाग पडतं. घरी एक खोटं सुरू आहेच, दुसरं नको.

दिवाळीपर्यंत काय होईल? बाबा सोबत असले अन् पंपवाल्याने वेळेत दिला तर इंजिन सुरू होईल, ट्रक स्वतःच्या ताकदीने दहा फूट पुढे अन् दहा फूट मागे जाईल. रंग होणार नाही. रंगाची घाई करूही नका. मे महिन्यात आपल्याकडे ४५ च्या वर जातं, २३ मे २०१३ ला तर ४७.९ होतं, अशा गरमीत फवारा पत्र्यावर पडायच्या आधीच सुकतो आणि पत्रा संत्र्याच्या सालीसारखा होतो, वरून लू धूळ आणून चिकटवते. पावसात दमटपणा. रंगाचा सीझन नोव्हेंबर ते फेब्रुवारी. आणि तुम्ही घेतलेला पीयू घराशेजारी, पोर खेळतं तिथे मारायचा नाही, त्याच्या हार्डनरचा वाफारा छातीला फार वाईट, साधा कापडी मास्क त्याला पुरत नाही, ते काम बूथवाल्या पेंटरला द्या. जुना रंगही कोरडा घासू नका, त्यात शिसं असू शकतं, पाणी मारून वॉटर पेपरने घासा.

शिवाय चेरी रेड कोणी ठरवला? ड्रायव्हरच्या दाराची वरची बिजागरी काढली आहे ना तुम्ही, तिच्याखालची जागा बघा. तिथे ब्रश पोचत नाही, सगळे थर शाबूत असतात. ब्लेडने एक रुपयाएवढी जागा हळूहळू खरवडा, वरचा, त्याखालचा, त्याखालचा, शेवटी लाल ऑक्साइड लागेल, तिथे थांबायचं. मागच्या फाळक्यावरची अक्षरंही घासायच्या आधी बटर पेपरवर उतरवून घ्या, हॉर्न ओके प्लीज असेल तर तेही, २०१५ मध्ये महाराष्ट्रात ते लिहायला बंदी झाली पण कागदावर ठेवायला कोणाची ना नाही. मग बाबांना दाराजवळ नेऊन विचारा की यातला तुमचा रंग कोणता.

पेंटच्या डब्याचं सील फोडलं नसेल तर दुकानदार परत घेईल, बिल शोधून ठेवा.